आजी दिवसभर साडी 'डॉन' करते!

काल पुतणी इंग्रजीचा गृहपाठ घेऊन आली. "काका, 'डॉन' म्हणजे?" म्हटलं, कपडे अंगावर चढवणं. तिनं लगेच वाक्य ठोकलं : 'ग्रँडमा डॉन्स अ सारी ऑल डे.' म्हणजे आमची आई सकाळपासून रात्रीपर्यंत निऱ्याच काढत बसलेली!

'डॉन' ही फक्त चढवण्याची क्रिया. एकदा कपडा अंगावर आला की पुढे 'वेअर'. मराठीत एकच क्रियापद दोन्ही सांभाळतं : घालतोय आणि घातलाय. पण इंग्रजी शाळेतली आमची इंदूरची पोरं 'वेअरिंग'चं सरळ 'घालत आहे' करतात. काका तासाभरापूर्वीच शर्ट घालून बसलेला, तरी 'काका निळा शर्ट घालत आहे'.

'डॉन' ऐकायला भारदस्त, पण मूळ अगदी घरगुती. 'डू ऑन' हे दोन शब्द चिकटून तो झाला, 14व्या शतकाच्या आसपास. तसाच 'डू ऑफ'चा 'डॉफ', म्हणजे उतरवणं. (गुंडांचा डॉन वेगळा, तो लॅटिन 'डॉमिनस' म्हणजे मालक, त्याच्या वंशातला.) बोलताना इंग्रजसुद्धा 'पुट ऑन'च म्हणतात, 'डॉन' वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जगतो. कोविडमध्ये मात्र दवाखान्यांत पीपीई किट चढवायची जागा 'डॉनिंग' आणि उतरवायची 'डॉफिंग' झाली.

मला खरी चिंता 'डॉन'ची नाहीच. साडी आणि धोतर नेसायचं, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, शाल पांघरायची, गजरा माळायचा. इथे हिंदीच्या 'पहनना'नं यातलं बरंच गिळलंय. परवा रामबागेतल्या एका हळदीकुंकवात चांगल्या शिकलेल्या बाई म्हणाल्या, "कुठून घेतली? छान साडी घातलीये." माझ्या पोटात गोळा आला. इंग्रज अत्तरही 'वेअर' करतात, त्यांचं ठीक आहे. आपल्याकडे 'नेसणं' असताना साडी का घालायची?

'डॉफ' मात्र आमच्या घरात जुना. आजोबा कापड मिलमध्ये डॉफर होते : सूत कातायच्या रिंग फ्रेमवरचे भरलेले बॉबिन उतरवून रिकामे लावायचे. मिली बंद पडल्या, मालवा मिल आता चौराह्याचं नाव म्हणून उरली. आजोबा पाळीवरून आले की आजी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "अहो, आधी टोपी डॉफ करा, मग पाटावर बसा!"