‘आयती ट्रॉफी’ या प्रतिक्रियेला उत्तर

टोरोंटो रॅप्टर्सने 2019 साली गोल्डन स्टेट वॉरियर्सला हरवून मिळवलेल्या पहिल्या एनबीए (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जेतेपदावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिले आहे : “ड्युरंट आणि थॉम्पसन [वॉरियर्सचे खेळाडू] जायबंदी झाले आणि रॅप्टर्स आयत्या बिळावरचे नागोबा ठरले. कवाय लेनर्ड तर एका वर्षापुरता आणलेला खेळाडू होता. ऑर्लँडोविरुद्धच्या पहिल्या पराभवाचा आकडाही चुकला आहे. इतके भावुक होण्याआधी लेखिकेने थोडा बास्केटबॉल समजून घ्यावा.”

आकड्याची चूक मान्य आहे. तो सामना 104-101 असा, म्हणजे तीन गुणांनी गेला होता आणि मी दोन लिहिले होते. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु शेवटच्या वाक्याला आहे. सांगलीत शाळकरी वयात मी सिमेंटच्या कोर्टवर खेळले. संध्याकाळी मुलांचा सराव संपेपर्यंत आम्हा मुलींना कोर्ट मिळत नसे आणि अंधारात रिंग दिसेनाशी झाली तरी आम्ही फ्री थ्रो टाकत राहत असू. 2004 पासून मी टोरोंटोशेजारच्या मिसिसागात राहते. याच गावात रॅप्टर्स 905 हा रॅप्टर्सचा दुय्यम संघ खेळतो. 2017 मध्ये त्याने आपल्या लीगचे जेतेपद जिंकले, तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या पास्कल सियाकामला मी निम्म्या रिकाम्या स्टेडियममध्ये धावताना पाहिले आहे. दोनच वर्षांनी त्याच मुलाने एनबीएच्या अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध 32 गुण केले, तेव्हा मी भावुक झाले आणि त्याबद्दल खुलासा देण्याची मला गरज वाटत नाही. टोपणनावाआडून दुसऱ्याची समज मोजणाऱ्याने आपण हा खेळ कुठे शिकलो हेही एकदा सांगावे.

आता ‘आयत्या’ या शब्दाकडे येते, कारण मला बोचला तो हा शब्द. ज्या संघाला क्लीव्हलँडने 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे बाहेर काढले, त्याच्या पुढ्यात कोणी काही आयते वाढून ठेवलेले नव्हते. तेव्हाचे संघाध्यक्ष मासाय उजिरी यांनी वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेल्या ड्वेन केसी यांना काढले आणि टोरोंटोवर जीव टाकणाऱ्या डिमार डिरोझनला लेनर्डच्या बदल्यात सॅन अँटोनिओला पाठवले. त्या दिवशी माझ्या घरात कोणी नीट जेवले नाही. फ्रेड व्हॅनव्हलीटला 2016 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एकाही संघाने निवडले नव्हते, सियाकामची निवड 27 वी होती, मार्क गॅसोलची 48 वी. ही माणसे कोणी ताटात वाढून दिली, ते तुम्ही सांगावे.

फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतील निर्णायक सातव्या सामन्यात 90-90 अशी बरोबरी असताना लेनर्डने कोपऱ्यातून टाकलेला चेंडू रिंगवर चार वेळा उडून आत पडला. त्याला तुम्ही नशीब म्हणा हवे तर, पण त्या रात्री त्याने 41 गुण केले होते, हेही म्हणा. पुढे नियमित हंगामात 60 सामने जिंकणाऱ्या मिलवॉकीने पहिले दोन सामने घेतले. तिसरा दोन जादा डावांनंतर 118-112 असा हातात आला आणि त्यानंतर मिलवॉकीला एकही सामना मिळाला नाही. वॉरियर्सशी गाठ पडण्यापूर्वी एवढे सगळे घडून गेले होते आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

दुखापती झाल्या, हे मीही लेखात लिहिले आहे. ड्युरंट पाचव्या सामन्यात कोसळला तेव्हा आमच्याच प्रेक्षकांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, त्याची मला आजही लाज वाटते. त्यांना गप्प करण्यासाठी हात उंचावणारा रॅप्टर्सचा काइल लाउरी मला त्या रात्री कोर्टवरचा सर्वांत मोठा माणूस वाटला. मात्र त्याच ड्युरंटशिवाय वॉरियर्सने आधीच्या फेरीत पोर्टलंडला 4-0 असे नमवले होते, तेव्हा ‘दुबळे वॉरियर्स’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. सहाव्या सामन्यात थॉम्पसन 30 गुण करून बाहेर गेला, हे खरे. त्याच सामन्यात रॅप्टर्सचे पहिले 11 गुण एकट्या लाउरीने केले आणि व्हॅनव्हलीटने आपल्या 22 पैकी 12 गुण शेवटच्या चतुर्थांशात केले, हेही तितकेच खरे आहे. तो 114-110 असा निकाल त्या दोघांच्या घामाचा आहे.

लेनर्डविषयीच्या तुमच्या वाक्यावर मी वेळ घालवणार नाही. त्याच्याशिवाय खेळलेल्या 22 सामन्यांपैकी 17 याच संघाने त्याच हंगामात जिंकले होते. इतके पुरे.

ऑर्लँडोच्या सामन्याचा आकडा लेखात दुरुस्त केला आहे. बाकी मजकूर जसा होता तसाच राहील.