सनावळ्या आणि मिल्टनची आठवी ओळ

परवा एका मुलीचा मेसेज आला. "ताई, इंग्लिश लिटरेचरच्या एन्ट्रन्सला दोन महिने उरलेत. रेनेसान्सची वैशिष्ट्यं कुठल्या गाइडमध्ये चांगली दिलीत?" मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी म्हटलं इथेच लिहावं, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

'वैशिष्ट्यं' या शब्दावर माझा जुना राग आहे. पहिल्या खेपेला मी त्यांच्याच जोरावर परीक्षेला बसले होते. तीन वह्या भरलेल्या, प्रत्येक कालखंडाची आठ-आठ वैशिष्ट्यं, लाल पेनाने अधोरेखित. पेपरात एक कधीच न वाचलेली कविता आली. कवीचं नाव नाही, साल नाही. त्या चौदा ओळींना नेमकं काय विचारायचं हे तिन्ही वह्यांपैकी एकीतही नव्हतं. आपटले, सपशेल.

म्हणून सनावळ्या सोडून द्या असं मी म्हणत नाहीये हं. 'साहित्य अनुभवायचं असतं, पाठ करायचं नसतं' म्हणणाऱ्यांनी बहुतेक एमसीक्यूचा पेपर कधी सोडवलेला नसतो. सालं लागतात. पण ती घोकायची वेळच येऊ नये अशा रीतीने वाचता येतं.

१६४२ घ्या. इंग्लंडात यादवी पेटली आणि पार्लमेंटने नाटकं बंद केली. १६६० मध्ये राजा परतला, नाटकं परतली आणि आता व्यावसायिक रंगभूमीवर स्त्री-भूमिका बायकाच करायला लागल्या. त्याआधी ही कामं मुलगे करत. बालगंधर्व ठाऊक असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. आता शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' उघडा. व्हायोला पुरुषवेष घेऊन ऑर्सिनोकडे चाकरीला राहते. म्हणजे मुलगा बाई झालाय, ती बाई पुन्हा मुलगा झालीय आणि प्रेक्षकाला हे सगळं माहीत आहे. 'ॲज यू लाइक इट'मधली रोझलिंड त्यावरही कडी करते. पुरुषवेषातच ती ऑर्लँडोला म्हणते, मला रोझलिंड समज आणि माझ्यावर प्रेम कर. हा गुंता एकदा मजेने सोडवलात की १६६० विसरून दाखवा!

१७९८ आणि १८०० मध्ये निम्मी मुलं गोंधळतात. वर्ड्‌सवर्थ-कोलरिजचा 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह १७९८ मध्ये आला तेव्हा त्यावर दोघांचीही नावं नव्हती आणि ती गाजलेली प्रस्तावनाही नव्हती, नुसतं एक छोटं निवेदन होतं. प्रस्तावना आली १८००च्या आवृत्तीत. या कवितांमागचा विचार नीट मांड असं मित्रांनी सुचवलं होतं, हे वर्ड्‌सवर्थ त्यातच सांगतो. कविता आधी, समर्थन नंतर. एवढा क्रम लक्षात राहिला तर पर्यायांत फसायचं कारण नाही.

आणि आता माझी लाडकी जागा. मिल्टनचं आंधळेपणावरचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, सगळ्यांच्या नोट्समध्ये असतं. 'इटालियन घाट, आठ अधिक सहा ओळी, नवव्या ओळीत विचाराला कलाटणी', असं लिहून लोक पुढच्या कवीकडे जातात. जरा थांबून बघा. दृष्टी गेलेला माणूस कुरकुरतोय की प्रकाशच काढून घेतल्यावर देव माझ्याकडून दिवसभराचं काम मागतो की काय? त्याला उत्तर द्यायला 'पेशन्स', म्हणजे धीर, येतो. पण नवव्या ओळीपर्यंत वाट न बघता तो आठवीच्या मध्येच घुसतो. तिथे शब्द आहे 'प्रिव्हेंट'. आज आपण त्याचा अर्थ 'रोखणं' घेतो, तोही चालतो. पण मूळ लॅटिन अर्थ 'आधी येणं'. ती कुरकुर पुरी व्हायच्या आधी धीर येतो आणि कवितेतली कलाटणीही ठरल्या जागेच्या आधी येते! मला हे दुसऱ्या खेपेच्या तयारीत दिसलं, रात्री, शब्दकोश उघडा ठेवून. त्या दिवशी बाकी काही वाचलं नाही.

अनोळखी कवितेला असंच भिडावं लागतं. आधी मोठ्याने वाचा. मग ओळी विसरून वाक्यं कुठे संपतात ते बघा, क्रियापदं शोधा, 'बट' किंवा 'येट' कुठे आहे त्यावर बोट ठेवा. वृत्ताच्या बाबतीत आपली एक खोड आड येते. शाळेपासून लघु-गुरू लावायची सवय असते, म्हणून आपण दहा अक्षरं मोजून 'आयँबिक पेंटामीटर' (हलकं-जड अशा पाच जोड्यांची ओळ) लिहून मोकळे होतो. इंग्रजी वृत्तात ऱ्हस्व-दीर्घ नाही, आघात मोजतात आणि तो कानालाच कळतो. जिथे ठेका अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करा. बऱ्याचदा कवीने तिथेच काहीतरी करून ठेवलेलं असतं.

गाइड? शेवटच्या पंधरा दिवसांत घ्या खुशाल, उजळणीला बरं पडतं. दोन महिन्यांत सगळं वाचून होणार नाही हेही खरं. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'चा प्रोलॉग, शेक्सपिअरची दोन नाटकं, सात-आठ सुनीतं, एखादी कादंबरी आणि एलियटची १९२२ सालची 'द वेस्ट लँड' ही कविता, तीही न कळता का होईना. एवढं स्वतः वाचलेलं असलं तरी पेपरात हात चालतो.

त्या मुलीला मी कळवलंय की गाइडचं नाव देते, पण आधी त्या सुनीताची आठवी ओळ वाचून तुला काय दिसलं ते सांग. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.