एक टार-जीझेड ठेवायला तुमचं काय जातं?

रात्री अडीचला घरी पोचलो. काम झालेलं नाही, आणि डोक्यातला संताप अजून उतरलेला नाही.

एका साखर कारखान्यातला सर्व्हर. त्यावर सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स प्रणाली, इंटरनेटला जोडलेला नाही, आणि गाळप चालू असताना त्याला कोणी हात लावू देत नाही. पाळी बदलताना मोठ्या मिनतवारीने दोन तास मिळाले होते. एका छोट्या ओपन सोर्स टूलची नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर नेली होती. फाइल उघडायला घेतली, तर टार (अनेक फाइली एकत्र बांधणारा आणि सोडवणारा प्रोग्रॅम) म्हणतं, ही टार फाइल वाटत नाही. पेनड्राइव्ह बिघडला असेल म्हणून पुन्हा कॉपी केली. पुन्हा तेच. अर्धा तास गेल्यावर फाइलच्या नावाकडे नीट पाहिलं. मागच्या आवृत्तीपर्यंत टार-जीझेड मिळायचं, म्हणजे जीझिपने दाबून लहान केलेली टार फाइल; या वेळी फक्त टार-झेडएसटी, म्हणजे झेडस्टँडर्ड या नव्या पद्धतीने दाबलेली. आणि हे बदललंय याचा रिलीज नोट्समध्ये एक शब्द नाही!

त्या मशिनवर टार १.२६ आहे. ग्नू टारला झेडस्टँडर्ड समजायला लागलं ते १.३१ पासून, म्हणजे २०१९ साली. मशिन जुनं आहे, मान्य. पण जुनी मशिन चालू ठेवणारी माणसं जगात आहेत आणि तुमचं सॉफ्टवेअर तीच वापरतात. आणि हे सगळं कशासाठी? जुनं जीझेड ३.१ एमबी होतं, नवं झेडएसटी २.६ एमबी. अर्ध्या एमबीसाठी!

बरं, लॅपटॉपवर उघडून जीझेड करून दिलं असतं. पण कारखान्याचा नियम असा की सर्व्हरवर चढणाऱ्या फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) प्रकल्पाने दिलेल्या चेकसमशी जुळलाच पाहिजे. तो दिलाय फक्त झेडएसटीचा. मी बनवलेलं जीझेड त्यांच्या लेखी कोणा परक्याची फाइल. आणि नियम योग्यच आहे, मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बनवणारे डिजिटल सही करतात ती आतल्या न दाबलेल्या टारवर. मग वरचं वेष्टन जीझेड असो की एक्सझेड ही दाबण्याची दुसरी पद्धत, सही तीच चालते. इतकी साधी गोष्ट बाकीच्यांना का सुचू नये?

झेडस्टँडर्ड वाईट आहे असं मी म्हणतच नाही. आर्च लिनक्सने २०१९ च्या डिसेंबरात पॅकेजेस एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेली. आकार एकूण ०.८ टक्के वाढला आणि उघडण्याचा वेग १३०० टक्क्यांनी वाढला. उत्तम निर्णय! पण तिथे पॅकेज बनवणारेही तेच आणि ते उघडणारा पॅकमन हा प्रोग्रॅमही त्यांचाच. सोर्सची, म्हणजे मूळ कोडची, फाइल कोणाच्या हातात, कुठल्या मशिनवर पडेल हे तुम्हाला माहीत नसतं. खुद्द झेडस्टँडर्डचे लोक आपल्या सोर्सची टार-जीझेडही ठेवतात, कारण झेडस्टँडर्ड नसलेल्या माणसाला ते सोर्सवरून तयार करता आलं पाहिजे. ज्यांनी फॉरमॅट बनवला त्यांना हे कळतं!

यावर कोणीतरी २०२४ मध्ये एक्सझेडच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या बॅकडोअरचं, म्हणजे लपवलेल्या चोरवाटेचं, नाव काढून म्हणणारच, जुने फॉरमॅट सोडलेलेच बरे. अरे, तो दोष फॉरमॅटचा नव्हताच. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (वाटायला ठेवलेल्या टार फाइलीत) कोडपासून प्रोग्रॅम तयार करतानाची, बिल्डची, एक अशी फाइल घुसवली होती, जी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या साठ्यात, नव्हती. वेष्टन बदलून असली चोरी थांबत नाही. टारबॉल आणि गिट जुळतात का हे तपासायला हवं, आणि ते तपासायला बसायची मात्र कोणाची तयारी नसते.

जीझिप १९९२ मध्ये आलं ते कॉम्प्रेस या जुन्या प्रोग्रॅमच्या एलझेडडब्ल्यू या दाबण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं म्हणून. जाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी ते लिहिलं, म्हणजे कोणालाही, कुठेही, परवानगी न मागता फाइल उघडता यावी. मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांनी याचीच किंमत ठेवायची नाही? झेडएसटी ठेवा, एक्सझेड ठेवा, हवं ते ठेवा. पण शेजारी एक टार-जीझेड असू द्या, त्याच्या सहीसकट. रिलीज स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढतील.

प्रकल्पाकडे तक्रार नोंदवली आहे. कारखान्याकडे पुन्हा दोन तास मागितले, तर ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू.