फारकतीचा कागद आणि वारसाहक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

विभक्त पत्नीच्या वारसाहक्कावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रागाने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: धाकटा भाऊ आणि त्याची बायको लग्नानंतर लवकरच वेगळे झाले. मूलबाळ नव्हते. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर फारकत झाली. पुढे भावाच्या आजारपणात सगळे तुम्ही आणि आईने केले. तो गेला, मृत्युपत्र केलेले नव्हते, आणि दिवसकार्य उरकते तोच शेतीतल्या त्याच्या हिश्शावर आणि बँकेतल्या पैशांवर ती वारस म्हणून उभी राहिली. असा हक्क देणारा कायदा एकतर्फी आहे आणि त्याची तरफदारी करून मी घरे मोडायला हातभार लावते, असा तुमचा आरोप आहे.

भाऊ गमावलेल्या माणसाशी वाद घालायला जीव धजत नाही. पण तुमच्यासारखा प्रसंग अनेक घरांत येतो, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या कुटुंबाला हिंदू कायदा लागू आहे असे धरून चालते.

आधी त्या कागदाबद्दल. वकिलीत असे कागद वारंवार हातात येतात. मजकूर ठरलेला असतो: ‘आजपासून उभयतांचा पती-पत्नी संबंध संपुष्टात आला असून एकमेकांच्या स्थावर-जंगम मिळकतीवर कोणाचाही हक्क राहिलेला नाही. दोघेही पुनर्विवाहास मोकळे आहेत.’ खाली सह्या, एखादा अंगठा, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. कागद दिसायला भारदस्त, पण लग्न मोडण्याचा अधिकार नोटरीलाही नाही आणि पंचांनाही नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट होतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ने रूढीच्या काडीमोडीला जागा ठेवली आहे हे खरे, पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार, अखंड चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि तिथेच बहुतेक दावे कोसळतात. ‘हक्क राहिलेला नाही’ हे वाक्यही तितकेच पोकळ. नवरा हयात असताना बायकोचा वारसाहक्क जन्मालाच आलेला नसतो, असते ती नुसती आशा. अशी आशा कुणाला देऊन टाकता येत नाही, हे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते.

म्हणजे तशी रूढी सिद्ध करता आली नाही, तर तुमचा भाऊ गेला तेव्हा तो कायद्याने विवाहितच होता. घटस्फोटाचा दावा चालू असता आणि निकालाआधी तो गेला असता, तरी ती विधवाच ठरली असती.

आता तुमचा खरा प्रश्न: जिने सेवा केली नाही तिला हिस्सा का? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात कोण अपात्र ठरतो ते लिहिलेले आहे. ज्याची मालमत्ता मिळायची त्याचाच खून करणारा अपात्र, हे कलम २५. आणि कायद्यात सांगितलेली कारणे सोडून दुसऱ्या कोणत्याही कारणाने कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, हे कलम २८. ‘वेगळी राहिली’, ‘दवाखान्यात फिरकली नाही’ ही कारणे त्यात नाहीत. आणि माझ्या मते नसावीतच. कोणी कुणाला टाकले हे मृत्यूनंतर तपासायला घेतले, तर घरातून हाकलून दिलेल्या बाईने ते सिद्ध कसे करायचे? ज्याची उलटतपासणी घ्यायची तो उरलेला नाही, आणि बाकी साक्षीदार सगळे सासरचे. तुमची भावजय घर सोडून का गेली, हे तुमच्या प्रतिक्रियेतही नाही. तुमच्यावर संशय घेत नाही मी. पण कोर्टासमोरही ते असेच अर्धवट येते.

एकतर्फी म्हणालात. पोटगीपुरते सांगायचे तर हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ नवऱ्यालाही पोटगी मागू देतात. पण वारशात हे पारडे कुठे झुकते ते पाहा. टाकलेल्या बाईने नोकरी करून घर घेतले आणि ती मृत्युपत्र न करता, मूलबाळ नसताना गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५प्रमाणे ते घर मिळते नवऱ्याला. तो आधीच गेला असेल तर नवऱ्याच्या वारसांना, म्हणजे प्रसंगी दिराला. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात हेच लावले. त्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांतच वारला होता. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली. १९९६मध्ये ती गेल्यावर बँकेतले पैसे, भविष्यनिर्वाह निधी आणि मिळकत मिळाली नवऱ्याच्या वारसांना. आईचा दावा टिकला नाही. विधी आयोगाने २००८च्या २०७व्या अहवालात हे कलम बदलायची शिफारस केली होती. दादा, अन्यायाबद्दल लिहायचे असेल तर या कलमाबद्दल लिहा, मी तुमच्यासोबत आहे.

घरे मोडण्याबद्दल एवढेच सांगते की घरे जास्त करून त्या फारकतीच्या कागदाने मोडताना पाहिली आहेत. त्याच्या भरवशावर पुरुष दुसरे लग्न करतो. पहिले लग्न कायम असल्याने दुसरे अवैध ठरते, आणि वीस वर्षे संसार केलेली बाई त्याच्यामागे विधवा म्हणून वारस ठरत नाही. मुले हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६मुळे औरस मानली जातात, ती स्वतः मात्र रिकाम्या हाताने उरते. दोघे राजी असतील तर त्याच कायद्याच्या कलम १३-बखाली परस्परसंमतीने घटस्फोट घेता येतो. दोन अर्जांमधले सहा महिनेही न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे २०१७पासून स्पष्ट आहे. हे वेळीच केले असते तर तुमच्या भावाचा आणि भावजयीचाही मार्ग मोकळा झाला असता.

राहता राहिली तुमची मिळकत. ‘सगळे तिलाच जाणार’ असे तुम्ही लिहिले आहे, ते बरोबर नाही. मूल नसलेल्या पुरुषाची आई आणि विधवा दोघी पहिल्या वर्गातल्या वारस. भावाच्या हिश्शात दोघींना निम्मे-निम्मे. तुमचा शेतीतला स्वतःचा हिस्सा अबाधितच आहे. बँकेत नॉमिनी तुम्ही असलात तरी ती रक्कम तुम्ही त्या दोघींसाठी स्वीकारता. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देताना आईचे नाव टाकायला विसरू नका, पुष्कळ ठिकाणी तेच राहून जाते. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण पुढचे हेलपाटे वाढतात. आणि आईंना आपला हिस्सा तुम्हाला द्यायचा असेल, तर त्यांच्याकडून मृत्युपत्र करून घ्या. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवा.