अळू मागितला, माठ मिळाला!

तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा तेच झालं, आता डोकंच फिरलंय. लंडनमधल्या ब्रिक्स्टनला जायला एक तास, यायला एक तास. कशासाठी? अळूसाठी. कॅरिबियन दुकानात फ्रीझरवर पाटी 'कॅललू'. पिशवीत चिरलेली हिरवी भाजी, बर्फाने पांढरी झालेली, आतलं काही दिसत नाही. घरी हरभऱ्याची डाळ भिजलेली, दाणे शिजलेले, मुळा चिरून तयार. पिशवी फोडली, पातेल्यात ओतली, आणि निघाला माठ! माठाचं फदफदं करू का मी?

अहो, जमैकाचे लोक माठाला कॅललू म्हणतात, त्रिनिदादचे लोक अळूच्या पानांना. दोघांचंही बरोबरच आहे. पण दुकानदाराला तर हे पक्कं ठाऊक ना? मग पाटीवर एक शब्द जास्त लिहायला हात दुखतात का? विचारलं तर उत्तर काय, 'कॅललू म्हणजे कॅललू!' माझ्यापुढे रांगेत त्रिनिदादच्या एक आजी होत्या, त्याही याच कारणासाठी पिशवी परत करत होत्या. त्यांनाही तेच उत्तर!

आणि तो नीरफणस! कापं करायला कडकच हवा. पण दाबून बघायचा नाही, हात लावायचा नाही. किंमत लिहिलेली नाही, ती गल्ल्यावर पोचल्यावर कळणार. घरी आणून कापला तर आत तपकिरी लगदा. कापं कसली तळणार? अख्खा फणस कचऱ्यात. पैसे परत मागितले तर म्हणे, 'ताज्या मालाला परतावा नाही.' हा ताजा माल?