एक स्टार देणाऱ्या, गोव्यातल्या साखळी शहरातल्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण आधी गोदामात जाऊन बाटल्या बघितल्या आणि मगच लिहायचं ठरवलं. म्हणून हे दोन दिवस उशिरा येतंय.

ज्यांनी अभिप्राय वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताईंनी आमच्या साइटवरून टाइल्सवरचे पाण्याचे डाग काढायचं लिक्विड मागवलं. त्यांच्या सासूबाईंनी न्हाणी घासायला घेतली तेव्हा शेवाळं जावं म्हणून आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिच्यावरच आमचं लिक्विड ओतलं. उग्र वास सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खोकला थांबेना. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ताईंचं म्हणणं असं: इशारा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होता, साइटवर लिंबू आणि हिरवं पान यांच्यापलीकडे काही नव्हतं, ईमेलला चार दिवस उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलंय, 'ऑनलाइन विकणाऱ्यांना कसलेच नियम नसतात का? यापेक्षा दुकानातलं सुटं ऍसिड परवडलं.'

सासूबाई आता बऱ्या आहेत, खोकला गेलाय, हे काल तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा जिवात जीव आला. त्यांची मी फोनवर माफी मागितली आहे. इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागते.

न्हाणीत नेमकं काय झालं ते आधी लिहिते, कारण पावसाळ्यात हे आपल्याकडे कुठल्याही घरात होऊ शकतं. अंगणातल्या चिऱ्यांवर, विहिरीच्या काठावर, न्हाणीच्या फरशीवर शेवाळं धरलं की गोव्यातल्या घराघरांत ब्लीचिंग पावडर निघते. या पावडरीत क्लोरीन बांधलेल्या रूपात असतो. पावडर असो की बाटलीतलं पातळ ब्लीच, ते अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असतं तोवर क्लोरीन बांधलेलाच राहतो. त्यात आम्ल पडलं की तो वायू होऊन सुटतो. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो झरोक्याकडे वर जात नाही, फरशीलगत साचतो. आणि न्हाणी घासणारी बाई तिथेच उकिडवी बसलेली असते, बहुतेक वेळा दार लोटून. डोळे, घसा, श्वासनलिका, जिथे ओल असेल तिथे हा वायू पोचला की तिथल्या पाण्याशी मिळून पुन्हा आम्ल तयार होतं. म्हणून एवढी आग होते. दम लागण्याचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. तुम्ही 'बघू संध्याकाळपर्यंत' असं न म्हणता त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलंत, हे फार बरं केलंत.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते: असा वास आला तर ते साफ करत बसू नका, वर फिनेल तर मुळीच ओतू नका. माणसाला आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, दारं-खिडक्या सताड उघडा, डोळे साध्या पाण्याने बराच वेळ धुवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर 108 ला फोन करा.

आता लिंबाबद्दल. ते चित्र मीच निवडलं होतं. माझी आजी चवथीच्या आधी समया आणि तांब्याचा कळसा बिंबलांनी (ही आंबट फळं) नाहीतर चिंचेने घासायची. भांडी अशी लखलखायची की त्यांत तोंड दिसायचं. आंबट ते घरचं, आणि घरचं ते निर्धोक, हा समज माझ्या मनात तिथूनच बसला. व्यवसाय सुरू केला तेव्हा लिक्विडमध्ये फक्त सायट्रिक ऍसिड होतं, म्हणजे लिंबातलंच आम्ल. तेव्हाही समज चुकीचाच होता. लिंबाचा रस असो, व्हिनेगर असो, ब्लीचमध्ये पडलं तर क्लोरीन सुटणारच. आम्ल कुठून आलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

पण त्याहून मोठी चूक नंतर झाली. डिचोली-सत्तरीकडच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या की विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याचे डाग हलत नाहीत. म्हणून आम्ही त्यात सल्फॅमिक ऍसिड घातलं. लिक्विड पहिल्यापेक्षा बरंच जोरकस झालं. मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत ते नाव इंग्रजीत आलं, पण पुढचं लिंबू आणि पान तसंच राहिलं. साइटवरचं वर्णनही जुनंच राहिलं. बाटलीतलं बदललं तेव्हा बाटलीवरचंही त्याच दिवशी बदलायला हवं होतं. ते कुणी केलं नाही आणि मी तपासलं नाही. हा दोष माझा आहे, छापखान्याचा नाही आणि साइट बघणाऱ्या मुलाचाही नाही.

नियम नसतात का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असतात, आणि बरेच असतात. बंद पाकिटातून विकायच्या मालाला वैधमापनशास्त्राचे, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचे, 2011 चे नियम लागू होतात. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, करांसह किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं बाटलीवर छापावं लागतं. आकड्यांची उंची किती मिलिमीटर असावी हेसुद्धा त्यात ठरवून दिलंय. 2018 पासून ऑनलाइन विकताना यातली बहुतेक माहिती साइटवरही द्यावी लागते. हे सगळं आमच्याकडे होतं. भाषेबद्दल नियम म्हणतो की ही माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावी, वर आणखी भाषा घालायची मुभा आहे. आमची इंग्रजीत होती. तेव्हा कुणी तपासणीला आलं असतं तर आमची बाटली पास झाली असती.

आणि मी त्याच समाधानात होते. पण हे नियम मुख्यतः माप आणि किंमत यांत गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून आहेत. गिऱ्हाइकाच्या जिवाची गोष्ट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. त्याच्या 84 व्या कलमात उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे: इजा होऊ नये म्हणून योग्य वापराच्या पुरेशा सूचना, किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा वस्तूसोबत नसेल, तर होणाऱ्या इजेला उत्पादक जबाबदार. त्यात 'पुरेशा' हा शब्द आहे. साखळीच्या घरात ज्या बाईंच्या हातात ती बाटली जाणार त्या मराठी वाचतात. त्यांच्यासाठी इंग्रजीतली ती बारीक ओळ पुरेशी नव्हती. खरं तर ती ओळ त्यांच्यासाठी नव्हतीच.

माझ्या ओळखीच्या एका सल्लागारांनी तुमचा अभिप्राय वाचून मला सुचवलं की उत्तरात 'ग्राहकाने उत्पादन चुकीच्या पद्धतीने वापरलं' एवढंच लिहा. असा बचाव कायद्यात आहे खरा. पण मी तो घेणार नाही. न्हाणीत ब्लीचिंग पावडर आधीच पडलेली असणार, हे गोव्यात राहणाऱ्या आणि गोव्यात माल विकणाऱ्या मला माहीत असायला हवं होतं. सासूबाईंनी काही वेगळं केलं नाही. त्या नेहमीसारखीच न्हाणी घासत होत्या.

ईमेलबद्दल माझ्याकडे सबब नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांच्या आत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. आम्ही पोचच चौथ्या दिवशी दिली. तक्रारींचा ईमेल आता थेट माझ्या फोनवर येतो.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, ताई, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानातलं सुटं ऍसिड परवडत नाही. ते जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत येतं, वर नाव नसतं, तारीख नसते, आणि घरात लहान मूल असेल तर ती बाटली त्याच्या ओळखीची असते. ऍसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुट्या ऍसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, वहीत नोंद करायची, 18 वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही. आमच्यावरचा राग रास्त आहे, पण त्या रागात कृपा करून ते घरात आणू नका. आणि आमचं किंवा कुणाचंही लिक्विड पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका.

या दोन दिवसांत काय केलं ते सांगते. साइटवरची विक्री थांबवली आहे. गोदामातला सगळा माल बाजूला काढलाय. नवीन लेबल लागल्याशिवाय एकही बाटली बाहेर पडणार नाही. सल्फॅमिक ऍसिड घातल्यापासून ज्यांनी ज्यांनी हे लिक्विड नेलं, त्या सगळ्यांना मराठीत मेसेज गेलाय. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना आम्ही एकेक करून फोन लावतोय. ज्यांना बाटली परत करायची असेल त्यांचे पैसे परत मिळतील, बाटली अर्धी वापरलेली असली तरी. तुमचे पैसे आणि दवाखान्याचा खर्च तुम्ही काल नको म्हणालात. तो हिशेब मी अजून मिटलेला मानत नाही.

नव्या लेबलवर लिंबू नाही, पान नाही, 'नैसर्गिक' हा शब्दही नाही. पर्यावरणाच्या नावाने केल्या जाणाऱ्या फसव्या दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं 2024 मध्ये आली. ती तेव्हाच नीट वाचली असती तर हे चित्र त्या वेळीच गेलं असतं. पुढच्या बाजूला, आमच्या नावाच्याही वर, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत ठळक अक्षरांत हे येईल: 'हे आम्ल आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आधी टाकलेली पावडर भरपूर पाण्याने धुऊन टाका, मगच हे वापरा. दार-खिडकी उघडी ठेवा. हातमोजे घाला.' बाजूला लाल चौकटीतलं ते चिन्ह असेल, ज्यात थेंब हातावर पडून हात झिजताना दिसतो. वाचता न येणाऱ्यालाही ते कळावं. साइटवर फोटोंच्या रांगेत किमतीच्या आधी हेच लेबल दिसेल. झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडणार नाही असं मागवलंय, लहान मुलांसाठी. ते यायला थोडा वेळ लागेल, तोवर विक्री बंदच राहील.

तुमचा अभिप्राय काढून टाकावा अशी विनंती मी करणार नाही. तो असाच राहू दे, पुढचा माणूस बाटली घेण्याआधी तो वाचेल.

एकच मागणं आहे. लेबलचा कच्चा नमुना या आठवड्यात छापून येतोय. तुमची आणि सासूबाईंची हरकत नसेल तर मी स्वतः तो घेऊन साखळीला येते. चष्मा न लावता, न्हाणीतल्या उजेडात, त्यांना तो वाचता येतो का ते मला बघायचंय. नाही आला, तर अक्षरं मोठी करून पुन्हा छापू.