शाल-श्रीफळ झालं, आता ती वही

शिक्षण समितीतून निवृत्त झालेल्या ताईंच्या सत्काराची बातमी वाचली, फोटोत नेतेमंडळीच जास्त दिसतायत, असो. आम्हा बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या लोकांना ताई माहीत त्या शाळेच्या गेटवरच्या, न सांगता यायच्या, मध्यान्ह भोजनाची खिचडी स्वतः खाऊन बघायच्या, मग मुलींच्या बाथरूममध्ये पाणी आहे का बघायच्या आणि नसलं तर तिथूनच फोन, पलीकडे कितीही मोठा साहेब असो. पटसंख्या कमी म्हणून मराठी माध्यमाचे वर्ग हलवायचं चाललं तेव्हा घरोघर फिरल्या, पण खरं सांगायचं तर सगळे वर्ग काही वाचले नाहीत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात, हे भाषणात प्रत्येकजण म्हणतो (त्या दिवशीही म्हणालेच असतील), ताई मात्र शाळा सोडलेल्या पोरांची नावं वहीत लिहून त्यांच्या आईबापांना गाठायच्या. ताई, तब्येत सांभाळा, आणि ती वही नव्या मेंबरच्या हातात द्या हो, ऑफिसात जमा केलीत तर कपाटातच जाईल.